लेकीची रात्रपाळी

“घरी झोपायला जागा नसेल तर वर्गात एक खाटच टाकून देते मी,” गणिताच्या बाई दाराआड कुणाला तरी सांगत होत्या. “रात्रभर फोन कुरवाळायचा आणि माझ्या तासाला येऊन घोरायचं.”

बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईने शब्द न् शब्द ऐकला. तिला राग आला नाही. उलट, आपलंच म्हणणं कुणीतरी नीट मांडलं असं वाटलं. रात्रीची बस डेपोत लावून ती तशीच शाळेत आली होती, अंगावर चालकाचा गणवेश, डोळ्यांत वाळू. शेजारी पंधरा वर्षांची लेक. तिच्या डोळ्यांखाली कुणी शाई पुसल्यासारखं दिसत होतं.

“ऐकलंस ना, घुबडे?”

“ऐकलं.”

“आज सोक्षमोक्षच लावते मी याचा.”

तो लावायची तिला सवय होती. कारखान्याच्या कामगारांची रात्रीची बस बाईच्या हातात द्यायला डेपोतले साहेब राजी नव्हते, तेव्हा चार वर्षं तिने त्यांच्या दाराचा उंबरठा झिजवला होता. शेवटी बस मिळाली. डेपोत पंचवीस पुरुष चालक आणि ती एकटी. ही कधी चुकते, याकडे डोळे लावून बसलेले त्यात कमी नव्हते.

बाईंनी आत बोलावलं. खुर्चीला पाठ टेकायच्या आत आईने पिशवीतून एक नवंकोरं कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

“बाई, तुमचं अगदी खरं आहे. आजपासून रात्री नऊला फोन कपाटात, कपाटाला हे कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. मी घरी नसते, म्हणून हिचं फावतं. अहो, मी गाडी चालवत असते तेव्हा मलाच फोन लावते! आणि विचारते काय, तर कात्री कुठे ठेवलीस. परवा विचारलं, उशीचे अभ्रे गरम पाण्यात भिजवू की गार. पहाटे अडीचला!”

बाईंना हसू आवरेना. “मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? गाडीत स्पीकर असतो, त्यावरून धू धू धुते. ही नुसती हूं हूं करत ऐकून घेते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.”

लेक इतका वेळ कुलपाकडे बघत होती.

“फोन दिवसा घे,” ती म्हणाली. “रविवारी घे. परीक्षा संपेपर्यंत घे. पण तू रात्री गाडीवर असताना मी तो देणार नाही.”

“देणार नाहीस? असं काय सोनं लागलंय त्याला रात्रीचं?” आईने हात पुढे केला. “उघडून दे. बाईंसमोर बघू दे.”

लेकीने फोन उघडून तिच्या हातात दिला. आईने मनाची तयारी केली. एखादं पोरगं असेल, नाहीतर ती कमरेत वाकवाकून नाचणारी माणसं असतील. तिने कालच्या रात्रीच्या फोन-वापराचा हिशेब काढला. पाच तास, आणि सगळे एकाच ठिकाणी. बस कुठवर आली हे प्रवाशांना दाखवणारं, डेपोचंच ते अ‍ॅप होतं. नकाशावर एक हिरवा ठिपका डेपोत उभा होता. त्यावर आकडा होता सात.

“ही तर माझी गाडी.”

“हो.”

“मग रात्रभर काय बघतेस तिच्यात?”

“कारखान्यापासून पुलापर्यंत रस्ता सरळ आहे,” लेक म्हणाली. “वळण नाही, सिग्नल नाही. तिथे ठिपका रेंगाळायला लागला की मी फोन करते. आधी नुसतं ‘काय करतेस’ विचारायचे, पण तू दोन शब्दांत संपवायचीस. कात्रीचं विचारलं की तू चिडतेस. एकदा चिडलीस की पूल येईपर्यंत बोलत राहतेस.”

बाईंनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

दीड महिन्यापूर्वी त्याच सरळ रस्त्यावर बस दुभाजकाला घासली होती. मागे बत्तीस कामगार गाढ झोपलेले होते. नशिबाने कुणाला खरचटलंही नाही. समोरच्या ट्रकच्या दिव्याने डोळे दिपले, असं आईने सांगितलं आणि साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. इतर चालकांनी माना डोलावल्या. घरी लेकीने गणवेशाला इस्त्री करून दिली आणि काही विचारलं नाही.

“मला सांगायचंस तरी, बाळा.”

“सांगून तू रात्रपाळी सोडली असतीस?”

आईने टेबलावरचं कुलूप उचलून पिशवीत टाकलं.

“नसतीच सोडलीस. मग मी झोप सोडली.”

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर त्या डोळ्यांखालचं काळं तिने फोनच्याच नावावर टाकलं होतं. मग तिला ते पंचवीस जण दिसले, टपरीपाशी घोळक्याने उभे, ‘आम्ही म्हटलं नव्हतं?’ असं एकमेकांना टाळ्या देत सांगणारे. दिसले ते दिसले. तिने लेकीचा फोन लेकीला परत दिला, स्वतःचा काढला आणि तिथल्या तिथे नंबर लावला.

“बोला,” पलीकडून साहेब म्हणाले. “आत्ताच तर गेलात. सुट्टी हवीय की काय?”

“सुट्टी नको. दिवसाची गाडी द्या. ती नसेल तर गाड्या धुवायला ठेवा. पण रात्रीची माझ्याकडून आजच काढून घ्या.”

“का हो? त्या बससाठी तर एवढ्या भांडला होतात. काय झालं काय?”

लेक खुर्चीतून अर्धवट उठली होती. “आई, नको,” ती पुटपुटली.

आईने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि दारात लोंबकळणाऱ्या माणसांना आत सरकायला सांगावं, तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“त्या रात्री समोर ट्रक नव्हता, साहेब. मला झोप लागली होती. आणि काल पुन्हा लागली.”