लाइलची रायफल

माझं बंदुकांचं दुकान म्हणजे माझं स्वयंपाकघरच. लायसन्स फ्रिजशेजारी टांगलंय. शेजारच्या कुरणावरचा लाइल सकाळीच गुडघाभर बर्फ तुडवत आला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आर्लीन, माझी रायफल दे."

"नाही देणार."

"गायी व्यायला लागल्यात. कोल्हे वासरांवर टपलेत!"

"कोल्ह्यांचं माझा भाऊ बघेल."

"ठेवायला दिली होती, विकली नव्हती तुला! शेरीफला बोलावू?"

"खुशाल बोलाव. लायसन्स काढून घे म्हणावं. कपाट तरीही उघडणार नाही."

तो कपाटाकडे निघाला. मी सत्तरीची, तो सहा फुटी. पण मी वाट अडवली आणि एप्रनच्या खिशातली चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. बायकोला पुरून आला, त्या दिवशी रायफलसोबत त्यानेच ती लिहून दिली होती: "माझा मला भरवसा नाही. बर्फ वितळेपर्यंत मी कितीही ओरडलो, रडलो, तरी रायफल देऊ नकोस."

"ज्याने हे लिहिलं, त्याला मी शब्द दिलाय," मी म्हणाले. "तुला नाही."