बोलका बिल्ला

तीन वर्षांत आपल्या बालवाडीत एकही कट्टी झाली नाही, ही फुशारकी इंदुलकरबाई प्रत्येक पालकसभेत मारायच्या. पोरांच्या छातीवर बोलके बिल्ले लावायचा हट्ट त्यांचाच. पोरानं चिमटा काढला, तर बिल्ला त्याच्याच आवाजात माफी मागायचा, समोरचा बिल्ला "असू दे" म्हणायचा. भांडण मिटलं.

आज ओजसच्या बिल्ल्याचं चार्जिंग संपलं होतं, आणि नेमका त्यानं रेवाचा मातीचा हत्ती मोडला. रेवाचा आज शेवटचा दिवस. गाव सोडून निघालेले तिचे बाबा दारात रिक्षा थांबवून उभे होते.

"बाई, माझा बिल्ला बोलत नाही," ओजस रडवेला झाला.

"अरे, मग तू बोल की. बट्टी म्हण तिला." बाईंनी दोन बोटं पुढे केली.

ओजसनं बोटांकडे निरखून पाहिलं. "हे काय असतं?"

बाई समजावेपर्यंत ओजस आपला बिल्ला कोपऱ्यात चार्जिंगला लावायला पळालाही. मुसमुसणाऱ्या रेवाला घेऊन रिक्षा गेली.

थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या बिल्ल्यातून आवाज आला, "रेवा, चुकलं माझं."

"झालं," म्हणत ओजस ठोकळे खेळायला बसला. बाईंनी आपली दोन बोटं पदराआड मिटून घेतली.