रस्त्याच्या दोन बाजूंना

बालवाडी बंद करणं हाच सगळ्यात सोपा उपाय आहे, असं अभियंत्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

नगरसेविका लिगाया मोंतेव्हेर्दे हिला निवडून येऊन अजून महिनाही झाला नव्हता. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाची. सांता मोनिका वस्तीचं दुखणं तिने कागदावरच वाचलं होतं. हायवेच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला बालवाडी. मासळीबाजारात बसणाऱ्या बाया पहाटे पोरांना तिथे सोडतात, आणि मधून ट्रक सुसाट जातात.

शेजारी बसलेला कारकून तिच्याकडे झुकला. हे तातय आणि नानय, त्याने हळूच सांगितलं. बाबा आणि आई. सगळी वस्ती त्यांना याच नावाने हाक मारते. पाच वर्षांची मुलगी त्याच रस्त्यावर जीपनीखाली, प्रवासी भरून नेणाऱ्या लांबड्या जीपखाली, सापडून गेली. त्याला नऊ वर्षं झाली, गेल्या सात वर्षांत सोमवारची एक बैठक चुकवली नाही म्हणतात. कारकून स्वतः दोन वर्षांपूर्वी बदलून आला होता, पण त्याच्या काळात तरी त्याने खाडा पाहिला नव्हता.

नानयने वही उघडली. गेल्या आठवड्यात बालवाडीच्या वेळेला चारशे बारा वेळा पोरांनी रस्ता ओलांडला, त्यांनी वाचलं. मग वही तातयच्या हातात दिली. त्याच वेळेत सहाशे तीस ट्रक, तातयनी वाचलं. आवाज खालचा, नजर वहीत. मागणी नेहमीचीच होती. सिग्नल बसवा, उंचवटे घाला, एक माणूस नेमा. पोरांना अडवू नका, गाड्यांना थांबवा.

"गाडी काही जागच्या जागी थांबत नसते, आजोबा," अभियंते हसून म्हणाले.

"माहीत आहे," तातय म्हणाले. "भरलेली जीपनी त्या उतारावर ब्रेक दाबल्यापासून सव्वीस पावलांवर थांबते. मी मोजलीत. म्हणून पहिला उंचवटा तीस पावलं आधी हवा."

अभियंत्यांचं हसू मावळलं. सभापतींनी निर्णय पुढच्या सोमवारवर ढकलला.

बुधवारी सकाळी सहाला लिगाया कोणालाही न सांगता सांता मोनिकाला गेली. नानय वस्तीच्या कडेला स्टुलावर बसून पोरं मोजत होत्या. तातय समोर, बालवाडीच्या फाटकापाशी. मधून ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न. नानयच्या बाजूला सहा-सात पोरं जमली, की त्या हात वर करत. मग तातय हातातलं लाल फडकं घेऊन सरळ रस्त्याच्या मधोमध येत आणि दोन्ही हात पसरून उभे राहत.

सिमेंटचा एक ट्रक त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून तोंडाला येईल ते सुनावलं. तातय हलले नाहीत. शेवटचं पोर फाटकाच्या आत गेल्यावर त्यांनी ड्रायव्हरला वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाले.

लिगाया रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली. सात वर्षं, रोज सकाळी. देवळात जावं तसे हे दोघे इथे येतात, तिला वाटलं.

आठ वाजता नानयने थर्मासमधला आल्याचा चहा आणि तांदळाचे पुतो काढले. तातयने आधी त्यांना दिलं, त्यांनी घास घेतल्यावर मग स्वतः घेतलं. "तुम्ही उन्हात बसू नका, इकडे सावलीत या," ते नानयना म्हणाले. या वयातही अहोजाहो. लिगायाच्या नवऱ्याने तिला लग्नाच्या दिवशीसुद्धा असं जपलं नव्हतं.

"तुम्हाला राग येत नाही?" तिने नानयला विचारलं.

"यायचा. पहिली दोन वर्षं फार यायचा. भिंतीवर डोकं आपटायचे," नानय म्हणाल्या. "मग म्हटलं, याचं काहीतरी करू या."

तातय उठले आणि उगाचच फडकं धुवायला नळावर गेले.

पुढच्या सोमवारी लिगाया सभेत उभी राहिली. भाषण लिहून आणलं होतं, ते तिने घडी घालून ठेवून दिलं आणि बुधवारी पाहिलं तेवढंच सांगितलं. ज्यांच्या पदरचं लेकरू गेलं ती माणसं इतरांची लेकरं रोज पार नेऊन सोडतात, आणि आपण त्यांना सांगतो की बालवाडीला कुलूप लावा. मतदान झालं. आठ विरुद्ध तीन. सिग्नल, उंचवटे, नेमलेला माणूस, सगळं मंजूर. बालवाडी राहणार होती. वर, तिला त्या मुलीचं नाव देण्याची लिगायाची सूचनाही एकमताने संमत झाली.

नानय बाकावर शांत बसून होत्या. तातय मात्र चेहरा ओंजळीत धरून लहान मुलासारखे रडत होते, आणि नानयचा हात त्यांच्या पाठीवर होता. असं एकमेकांना सांभाळणारं जोडपं लिगायाने जन्मात पाहिलं नव्हतं. नावासाठी पालकांची लेखी संमती लागते, म्हणून ती अर्ज घेऊन त्यांच्यापाशी गेली.

मुलीचं नाव, जोव्हेलिन. आईचं नाव, पुरिफिकासियोन. नानयने हळूहळू सांगितलं, लिगायाने लिहिलं. मग तिने तातयकडे पाहिलं.

"आणि वडिलांचं नाव?"

तातयनी मान खाली घातली.

"तिचे वडील त्याच वर्षी हाय खाऊन गेले," नानय म्हणाल्या. "यांचं नाव तिथे नका लिहू, बाई. त्या सकाळी ती जीपनी हे चालवत होते."