केसाहून बारीक कडं

बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली, ब्लाउजचे हूकसुद्धा नकोत म्हणून सरजाबाईंनी लेकीचा सुती गाऊन चढवला. तरी पडद्यावरची रेघ उसळलीच.

"परत आली," पलीकडच्या खोलीतून प्रयोगशाळेतला सहकारी मुकुल म्हणाला.

धम्मप्रियानं आईचा हात घट्ट धरला. एरवी पडद्यापुढे तीच बसायची आणि यंत्राजवळची कामं मुकुल करायचा. आज आई त्या वाफा सोडणाऱ्या टाकीला घाबरून हात सोडेना, म्हणून अदलाबदल झाली होती. गोंधळ नको म्हणून तिनंही घड्याळ, पिना, चपला बाहेर ठेवल्या होत्या.

टाकीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, केसाहून बारीक अतिवाहक कडं होतं. त्यातली वीज न थकता फिरत राहते. चुंबकत्व त्यात पायरी-पायरीनंच शिरतं, अर्धी पायरी त्याला चालत नाही. जवळून लोखंडाचा कण गेला तरी कड्याला कळतं. नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांवर शंका घेतली जायची, कड्यावर नाही.

सरजाबाईंचं डोकं सारखं दुखायचं. सोमवारी लातूरला एमआरआय होता. तिथलं चुंबक म्हणजे या कड्याचा राक्षसी थोरला भाऊच. अंगात लोखंड असलं तर मांस फाडत ओढून घेईल, म्हणून आधी ही तपासणी. आणि सरजाबाई किल्लारीच्या. भूकंपात नवरा गेला, घर गेलं, कपाळावर वण राहिला. त्या पहाटेबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. तेव्हा वर्षाचीही नसलेल्या धम्मप्रियानं पुढेही कधी खोदून विचारलं नाही. वण बघून आई ढिगाऱ्याखाली सापडली असणार, असं समजून घेतलं होतं.

"आधी एक्स-रे काढून घे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मुकुल म्हणाला. पण चेहरा त्याचाही उतरला होता.

लातूरच्या डॉक्टरांनी कुरकुरत का होईना, सरजाबाईंचे डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे काढले. कुठंही काही नव्हतं. डोक्यात गाठ असली तर उशीर परवडणार नाही, असं त्यांनी बजावलं. धम्मप्रियानं मान डोलावली खरी. कडं खोटं बोलत नाही, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

आई आत एकटी जायला तयार होईना. नातेवाइकानं सोबत थांबायला हरकत नाही, तंत्रज्ञ म्हणाला, आणि अंगात कुठं धातू, स्क्रू, जुनं ऑपरेशन आहे का ते त्यानं तिलाही विचारलं. धम्मप्रियानं नाही म्हणून सांगितलं आणि डावा डोळा पुसला. तो लहानपणापासूनच पाणावायचा.

सरजाबाई यंत्राच्या पलंगावर आडव्या झाल्या. धम्मप्रियाची नजर त्यांच्या कपाळावरून हलत नव्हती.

"आई, वणापाशी ओढल्यासारखं होतंय का?"

"न्हाई गं." लेकीचे थंडगार हात बघून सरजाबाईंना हसू आलं. इतक्या वर्षांनी त्या पहिल्यांदाच त्या पहाटेचं बोलल्या. "उगं भिऊन राहिलीस. म्या पाण्याला उठून भायेर आले व्हते. मला कुठं काय लागलं? ह्यो वण तर तुला उकरून काढताना पडला. खिळ्या-पत्र्याखाली तू व्हतीस, माय."

धम्मप्रिया त्यांच्यावर वाकली होती, यंत्राच्या अगदी तोंडाशी. तिच्या डाव्या डोळ्यामागं काहीतरी हललं.