जिभेखालचा पडदा

काळाचौकीच्या आमच्या चाळीत घरोघरी मीच सांगून आले होते, "आमची लतिका म्हणजे कोरडा नारळ. महिनाभर अळिवाची खीर घातली, पण दुधाचा थेंब नाही." सून मान खाली घालून ऐकायची आणि रडत्या ओवीला बाटली लावायची.

काल डॉक्टरीणबाईंनी ओवीच्या जिभेखालचा चिकटलेला पडदा कापला. पोर लगेच आईला लागली, पोटभर प्यायली.

बाई म्हणाल्या, "आजी, दूध होतं हो. पोरीला ओढताच येत नव्हतं. हे घराण्यात असतं. तुमची जीभ काढा बघू."

माझीही ओठांपुढे येईचना.

* * *

माझी आई जाईपर्यंत मी तिला ऐकवत होते, "तुला मला धड पाजताही आलं नाही."