चेहऱ्यावरची वेदना

पडद्यावरच्या यंत्र-डॉक्टरने कुमुदिनीबाईंचा चेहरा निरखला. "वेदना शून्य. औषधाची गरज नाही."

"दुखतंय हो," त्या पुटपुटल्या.

"कंपवाताने तिचा चेहराच ताठरलाय! सकाळपासून पोट धरून बसलीय," त्यांचे पती दिगंबरपंत कळवळून म्हणाले.

"बोलण्यापेक्षा चेहरा खरा मानला जातो. तुमच्या चेहऱ्यावर मात्र तीव्र वेदना दिसते. तुम्हाला औषध पाठवू?"

तालुक्यात आता माणूस-डॉक्टर उरलाच नव्हता. दिगंबरपंतांनी बायकोकडे पाहिलं. तिने त्यांची बोटं घट्ट आवळली होती, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

"पाठवा," ते हताशपणे म्हणाले.

"कुठे दुखतंय?"

तिचं जिथे दुखत होतं, तिथेच त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"इथे."