पासवर्डच्या आधी

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शालेय गणवेशांच्या दुकानात ऑर्डरी, मापं आणि बिलं नऊ वर्षं मीच कॉम्प्युटरवर बघते. फक्त सकाळी त्याला विभूती लावून सुरू करायचा मान सासऱ्यांचा.

यंदा दुकानाला सासऱ्यांच्या नावाचा नवा बोर्ड आला, 'निंगप्पा आणि मुले'.

"मामा, ह्यात माझं नाव कुटं हाय?" मी सासऱ्यांना विचारलं.

"अगं महानंदा, बोर्डावर सुनेचं नाव कोण टाकतं? गिऱ्हाईक हसंल की."

धाकटे दीर श्रीशैल लगेच म्हणाले, "वैनी, रेशनकार्डावर हाय की तुमचं नाव!"

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा फोनवर व्हिडिओ बघत बघत विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगांची वही, उघडली. आधी बॅकअप घेतला, कारण नऊ वर्षांचं काम माझंच आहे. मग त्यात एक ओळ टाईप केली आणि मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला, तर पासवर्डच्या आधीच पाटी आली, 'हे दुकान महानंदा चालवते.' खाली एकच बटण, ओके. ते दाबल्याशिवाय मशीन पुढं जाईना.

"वैनी, काढा की हे!" श्रीशैल भावजी ओरडले.

"काढते की. आधी बोर्ड बदला."

बोर्ड अजून तोच आहे.



मामा मात्र रोज सकाळी विभूती लावतात, चष्मा चढवतात, ती ओळ वाचतात आणि स्वतःच्या बोटानं ओके दाबतात.